आईच्या लग्नाची तारीख

"म्हणजे आईबापाच्या लग्नात तू वऱ्हाडी होतीस?" वकील म्हणाला आणि हसला.

समोर बसलेले एक शेठही हसले. त्यांच्या हातात चहा होता. मी उभी. दुसरी खुर्ची होती, तिच्यावर फाइली होत्या. त्या कुणी उचलल्या नाहीत.

डहाणूतलं ऑफिस. बाप वारून चार महिने झाले होते. रानशेतची जमीन त्याच्या नावावर. सातबाऱ्यावर वारस म्हणून माझं आणि धाकट्या भावाचं नाव चढवायचं, एवढंच काम; आईने स्वतःचं नाव नको म्हटलं होतं. मी अंगणवाडी सेविका. कागद कसे लावायचे ते मला कळतं. मृत्यूचा दाखला, सातबारा, आधार कार्डं, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं क्रमाने लावून वर यादी जोडली होती. शेवटी घरची माहितीही लिहिली, म्हणजे साहेबांना पुन्हा विचारायला नको. आईवडिलांचं लग्न झालं तेव्हा मी आठ वर्षांची. भाऊ त्यानंतर दोन वर्षांनी.

ही माझी चूक. आहे ते सगळं लिहायचं, ही सवय.

आम्हा वारली लोकांत असं चालतं. दोघं एकत्र राहतात, घर मांडतात, पोरं होतात. पाड्याला जेवण घालण्याइतका तांदूळ जमला की लग्न. लग्न लावते ती धवलेरी, बाईच असते. आईच्या लग्नात मी नवं परकर-पोलकं घालून मांडवात नाचले होते. त्यात लपवण्यासारखं काही आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर त्या ऑफिसात कळलं.

"तुमच्यात बरं आहे. आधी पोरं, मग वरात." एवढं बोलून वकील शेठकडे वळला.

शेठ मृत्युपत्र करत होते. चिकूची वाडी, विहीर, दोन गाळे. कुठल्या मुलाला काय, वकील एकेक विचारत होता. आवाज एकदम खाली. "उतावळ नथी शेठ. घरनी वात छे." मी अर्धा तास भिंतीला टेकून ऐकलं. घाई नाही, घरची गोष्ट. त्यांची.

शेठ गेल्यावर वकील माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू लग्नाआधीची. कायद्यात बसत नाहीस. भाऊ एकटाच वारस. तुझं हक्कसोडपत्र करून ठेवू, म्हणजे पुढे भानगड नको. सोमवारी दोघं या."

मी म्हणाले, "हो साहेब." वर थँक्यूही म्हणाले. हे लिहिताना अजून अंग जळतं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत पोरांची वजनं भरत होते. बाळाचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव, वजन. बावीस वर्षं तेच रकाने. लग्नाआधीचं की नंतरचं, असा रकाना कधी नव्हताच. हात थांबला. त्या वकिलाच्या म्हणण्याने माझ्या पाड्यावरची निम्मी पोरं कुणाचीच नव्हती. आणि मी त्याला हो साहेब म्हणून आले होते.

सोमवारी भाऊ आणि मी गेलो. वकिलाने कागद पुढे सरकवला, वर शाईचं पॅड. "इथे अंगठा."

"मला सही येते."

"मग सही कर. लवकर."

मी वाचायला घेतलं.

"वाचतेस काय? कळणार आहे का?"

कळलं. मी माझा वारसाहक्क स्वखुशीने सोडत आहे, असं लिहिलं होतं.

"साहेब, मला हक्कच नाही म्हणालात. मग मी सोडते काय?"

वकिलाने पेन माझ्यापुढे टाकलं. मग म्हणाला, "जास्त शहाणपणा नको. तुझ्या भल्याचं सांगतोय."

"आणि हे स्वखुशीने कुणी लिहिलं?"

भाऊ कुजबुजला, "बाय, करून टाक ना. मी काय तुला घरातून काढतोय?"

"आज नाही काढत. पण या कागदात तू बापाचा. मी कुणाची, ते सांग."



"तुझ्या आईला तहसीलदार साहेबासमोर उभी करू का?" वकील म्हणाला. "चारचौघांत विचारू, लग्न कधी केलंस?"

"विचारा. ती सांगेल. धवलेरी जिवंत आहे, तीही सांगेल."

माझे कागद मी त्याच्या टेबलावरून उचलले. एकेक मोजून. भाऊ तिथेच बसून राहिला. मी एकटी जिना उतरले.

तशीच तलाठी ऑफिसात गेले. भावाच्या एकट्याच्या नावाने नोंद करू नये, असा हरकतीचा अर्ज लिहायला बसले. तिथला कारकून चांगला माणूस. वाचून म्हणाला, "ताई, लग्नाची तारीख तुमच्या जन्माआधीची टाका. कोण बघतंय? काम सोपं होईल."

सोपं झालं असतं. आईही रात्री तेच म्हणाली, "टाकायची होतीस. लोक हसतील गं."

पण मी खोटी तारीख टाकली, तर उद्या पाड्यावरच्या प्रत्येक पोरीला तिच्या आईची खोटी तारीख शोधावी लागेल. आणि तो वकील खरा ठरेल. मी खरी लिहिली. लग्न झालं तेव्हा वय वर्षं आठ, थोरली मुलगी, वारस.

भाऊ बोलत नाही. हरकतीच्या सुनावणीला तो समोरच्या बाजूने उभा राहील. राहू दे. मी आईला घेऊन जाणार आहे, आणि लग्न कधी झालं ते तिथे मोठ्याने सांगणार आहे.