पायाखालचं नाव

आज आम्हा ज्यू लोकांचा पुरीमचा सण. सुनेनं पुरण शिजवायला ठेवलंय. वेलदोड्याचा वास आला आणि माझा पाय खाटेवरच हलायला लागला.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. नगरला आमच्या प्रार्थनालयात दर रविवारी मुलांना हिब्रू शिकवायचे. पहिल्याच दिवशी मी प्रार्थनेचं पुस्तक मराठी पुस्तकासारखं उघडलं. हिब्रू उजवीकडून वाचतात, हे मला कुठं ठाऊक? मास्तरांनी हातावर छडी ओढली. "तेल्याची पोर ना तू? घाण्याच्या बैलाला काय कळणार!" मला न्यायला आलेले बाबा दारातच उभे होते. अंगाला करडईच्या तेलाचा वास, मान खाली. "चल बाय," एवढंच म्हणाले, "लई लागलं का?"

पुरीमला हामानची गोष्ट वाचतात. त्यानं आमच्या लोकांचा नायनाट करायचा घाट घातला होता, म्हणून त्याचं नाव आलं की मुलांनी पाय आपटायचे. त्या वर्षी मी पायांच्या दोन्ही तळव्यांवर खडूनं मास्तरांचं नाव लिहिलं आणि ते पुसून जाईपर्यंत पाय आपटले.

"बघा, हिची श्रद्धा बघा!" म्हणत मास्तरांनी मला खडीसाखर दिली. मी ती कडाकडा चावून खाल्ली.

हामानला मी केव्हाच माफ केलंय.