परस्पर सौदा

मूर्तिजापूर मागे पडलं आणि लेनानं पुन्हा गाडी थांबवायला सांगितली. उतरून ती रस्त्याच्या कडेला येरझाऱ्या घालू लागली. मी खिडकीतून पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हटलं, "काय घाबरायचं ते इथंच घाबरून घे. अकोल्यात पार्टीसमोर असं तोंड दिसलं तर सौदा गेला समज."

"ती पार्टी नाही. माझी आई आहे," ती म्हणाली.

ती हे इंग्रजीत म्हणाली. तिला इंग्रजी आणि डॅनिश येतं, दुसरं काही नाही. चेहरा मात्र असा की पातूरच्या बाजारात सांबाराच्या ढिगामागे बसवली तर कुणी वळून बघणार नाही. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. लेना अकोल्यात जन्मली. तान्ही असताना डेन्मार्कच्या एका जोडप्यानं तिला दत्तक घेतलं. आता ती तिकडच्या एका ज्यूस कंपनीसाठी संत्री बघायला अमरावतीला येते. टपरीवर लोक तिच्याशी वऱ्हाडीत बोलतात, ती हसते आणि उत्तर मला द्यावं लागतं.

मी संत्र्याचा दलाल. आमची दोस्ती भांडणातून झाली. एका लॉटमध्ये क्रेटच्या तळाशी बारीक फळ निघालं. मी माझ्या सवयीप्रमाणे आवाज चढवला. तिनं माझ्यावर चढवला. माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडणारा माणूस मला फार वर्षांनी भेटला होता. तेव्हापासून ती आली की आमच्याकडेच जेवते.

दत्तक देणाऱ्या संस्थेमार्फत तिच्या आईचा शोध लागला. रक्ताची तपासणी झाली, जुळली. आईनं भेटायला होकार दिला. मग लेनानं मला दुभाषी म्हणून सोबत यायला सांगितलं. मी हो म्हटलं. दोन पार्ट्या समोरासमोर बसवणं हाच माझा धंदा आहे.

हा धंदा कसा चालतो ते सांगतो. आमच्याकडे उभा बगीचा विकतात. फळ झाडावर असतानाच व्यापारी अंदाज घेऊन बोली लावतो. मालक एका झाडाखाली बसतो, व्यापारी दुसऱ्या. मधे मी फिरतो. व्यापारी म्हणतो, माल एक नंबर आहे. मी मालकाला सांगतो, त्याला माल बारीक वाटून राहिला. मालक म्हणतो, मला पैशाची घाई आहे. मी व्यापाऱ्याला सांगतो, तो निवांत आहे. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. दोघांची गरज एकमेकांपासून झाकून ठेवायची असते. गरज दिसली की भाव पडतो. शेवटची बोली तर तोंडानं होतच नाही. खांद्यावरचा दुपट्टा टाकायचा, त्याखाली हात हातात घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवतालच्यांना काही कळत नाही. मला कळतं, कारण त्यातला एक हात माझा असतो.

माझं एक दुःखही आहे. वरुडचा एक बागाईतदार आणि नागपूरचा एक व्यापारी, दोघांची ओळख मी करून दिली. दोन बहार, म्हणजे दोन हंगाम, मी मधे होतो. तिसऱ्यापासून त्यांनी परस्पर सौदा सुरू केला, म्हणजे दलालाला वगळून. आता ते एकमेकांच्या घरच्या लग्नांना जातात. मला साधी पत्रिका येत नाही. असो.

गाडीत मी लेनाला तयार केलं. रडायचं नाही. खास याचसाठी आले असं म्हणायचं नाही. पहिला चहा नको म्हणायचं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला एकच गोष्ट विचारायची आहे. तिनं मला दिलं, की माझ्यापासून तिला तोडलं?"

"पहिल्या बैठकीत असं विचारत नसतात," मी म्हटलं.

अकोल्यात जठारपेठेत लेनाच्या भावाचं फुलांचं आणि भाजीचं दुकान आहे. गजानन त्याचं नाव. मळा पातूरकडे, बिऱ्हाड दुकानाच्या वर. वरच्या खोलीत आई बसली होती, वच्छलाबाई. बारीक, काळीसावळी, आणि लेनाचंच नाक. दोघींनी एकमेकींकडे एकदा पाहिलं आणि दोघींनीही मान खाली घातली. आमच्या हिशेबानं सुरुवात चांगली झाली होती.

गजाननला वेगळीच धास्ती होती. मी बसायच्या आतच तो सांगू लागला की जमीन थोडीच आहे, तीही खडकाळ, विहिरीला पाणी नाही, वांग्यांवर रोग पडला आहे. मालकानं आपल्याच मालाची अशी बदनामी केलेली मी जन्मात ऐकली नव्हती. मग उलगडा झाला. बहीण हिस्सा मागायला आली असं त्याला वाटत होतं. मी ते तिथं खोडून काढलं नाही. एका पार्टीला धाकधूक असलेली बरी असते.

चहा आला. लेनानं शिकवल्याप्रमाणे नको म्हटलं. वच्छलाबाईंनी तो कप हळूच स्वतःकडे ओढून घेतला.

मग लेना बोलली. बराच वेळ बोलली. तिच्या गावात तिच्या रंगाची बाई क्वचित दिसायची. दिसली की ही लहानपणी तिच्या मागे मागे चालत जायची. एकदा तर अशा बाईमागे बसमध्ये चढली होती आणि पोलिसांनी घरी आणून सोडलं होतं.

मी वच्छलाबाईंना सांगितलं, "मनते का इकडं बगीच्याच्या कामानं आली होती, तं मनलं भेटून घ्यावं."

 वच्छलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "तिले इचारा, तिकडं थंडीत आंगावर घालाले भेटे काय. हिवाळा आला का मले झोप नाई लागे."

मी लेनाला सांगितलं, "तुमच्याकडचं हवामान विचारून राहिली."

"थंड," लेना म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. आईचाही पडला होता. गजानन मात्र जरा खुलला. दोन्हीकडची गरज मी इतकी नीट झाकली होती की खोलीत आता कुणालाच कुणाचं काही पडलेलं दिसत नव्हतं. शेतात असं झालं की मी दहा मिनिटांत सौदा उरकतो.

वच्छलाबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"भाऊ, थे येवढी बोलली. तुमी येवढुसंच काहून सांगतलं?"

"इंग्रजी लांब असते, बाई."

"म्या जिंदगी बाजारात काढली. मधात उभा रायनारा मानूस मले दुरून समजते. दलाल हा ना तुमी?"

मला राग आला. गाडी माझी, दिवस माझा गेला, वर हे ऐकायचं. मी म्हटलं, हो, दलाल आहे, आणि बाजार समितीचं लायसन आहे.

"असन. आज बिनादलालीचं बोला. थे जे मनते थे जसंच्या तसं, अन् मी मनतो थेबी."

लेनानं विचारलं, काय झालं? मी सांगितलं, तिला शब्दाला शब्द पाहिजे.

"मग इतका वेळ तू काय करत होतास?"

याला उत्तर होतं, पण ते तिला पटलं नसतं. तेवढ्यात गजाननानं संधी साधली आणि हिस्सा पाहिजे का ते विचारा म्हणाला. मी विचारलं. लेना म्हणाली, नको. मी सांगितलं, नको. त्याला विश्वास बसेना. एवढंच बोलली का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, या वेळी एवढंच.

मग मी वच्छलाबाईंना बसची गोष्ट सांगितली, पोलिसांसकट. लेनाला थंडीची गोष्ट सांगितली. वच्छलाबाईंनी गार झालेला कप परत लेनापुढे सरकवला. लेनानं तो एका दमात संपवला आणि आपला प्रश्न विचारला.

तो मी तसाच्या तसा सांगितला. भरलेले क्रेट उतरवताना हमाल पाय जपून टाकतो तसा एकेक शब्द टाकला.

वच्छलाबाईंनी गजाननला खाली दुकानात जायला सांगितलं. तो दारापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"घरात तीन पोरी होत्या," त्या म्हणाल्या. "हे चवथी. माया सासूनं दवाखान्यातून नेली अन् मले सांगतलं का पोरगी गेली. पुढं मालूम पडलं का संस्थेत देली. मी त्या संस्थेच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती. वर नाई चढली. तिले सांगा, नेलं त्यायनं. पन वापस म्या आनलं नाई."

या वाक्यातून थोडं कमी करावं असं मला फार वाटलं. शेवटचं सोडून दिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. वच्छलाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी सगळं सांगितलं.

 लेना रडली नाही. वच्छलाबाईंनी हात लांब करून म्हटलं, "गजानन, तुया दुपट्टा दे."

त्यांनी दुपट्टा लेनाच्या हातावर टाकला आणि स्वतःचा हात त्याखाली घातला. सवयीनं माझाही हात पुढे गेला. त्यांनी तो बाजूला सारला. "तुमचा नाई पायजे."

दोघी तशा बसून राहिल्या. दुपट्ट्याखाली बोटं हलत होती, थांबत होती, परत हलत होती. लेनाला ही बोली येत नव्हती, आणि तरी मधूनच ती मान हलवायची. गजानन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काय चालू हाय?"

"मालूम नाही," मी म्हटलं. धंद्यात आल्यापासून हे उत्तर मी कुणाला दिलं नव्हतं.

निघताना वच्छलाबाईंनी लेनाच्या पिशवीत वांगी भरली, मेथी भरली, वर सांबाराची एवढी मोठी जुडी खोचली. मला एक लिंबू दिलं.

परतीच्या वाटेवर मी लेनाला विचारलं, काय ठरलं? ती म्हणाली, दुपट्ट्याखालचं बाहेर सांगत नसतात, तूच शिकवलंस.

पुढचं थोडक्यात. माय-लेकी आता रविवारी व्हिडिओवर बोलतात. दुभाषी लागत नाही. लेना वऱ्हाडी शिकली, तीही भाजीबाजारातली. यंदाच्या मृग बहारात मी तिला एका बगीच्यात घेऊन गेलो आणि दोन झाडांच्या मधे माझी जागा धरली. ती मला ओलांडून सरळ मालकाकडे गेली आणि म्हणाली, "काका, माल बारीक हाय. भाव येवढा काहून?" मालक खूश. त्यानं दुपट्टा काढला. सौदा झाला तेव्हा मी चहाचा कप हातात धरून उभा होतो.

नव्या दलालांना माझं सांगणं आहे. पार्ट्या खुशाल भेटवा, पण एकमेकींची बोली शिकू देऊ नका.

गजाननच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका मात्र मला आली. पाकिटावरचं नाव लेनानं स्वतः मराठीत लिहिलेलं, अक्षर पहिलीतल्या पोराचं. मला सौद्यातून काढून वर पत्रिका देणारी ही पहिलीच पार्टी. ती मी गाडीच्या काचेपाशी उभी करून ठेवली आहे. वरुडच्या बाजूला गेलो की त्या बागाईतदाराच्या फाटकासमोर गाडी जरा हळू घेतो.