हिम खरवडायचा शनिवार

लाउरिड्स क्रोगला आमच्या गावात "कसं काय" असं सहसा कुणी विचारत नसे. विचारलं की तो नळ्यांबद्दल सांगायला लागायचा, आणि थंडीत उभं राहून नळ्यांचं पुराण कोण ऐकणार? मी ऐकायचे. मी गावची पोस्टमनबाई. दुसऱ्याचं ऐकून घेणं हा माझा निम्मा धंदाच होता.

लाउरिड्स गावाच्या शीतघराचा राखणदार. महायुद्ध संपल्यावर काही वर्षांनी गावानं मिळून डेअरीच्या शेजारी ते बांधलं. जाड भिंतींची एक खोली, आत लाकडी कप्पे, घरटी एक कप्पा आणि एक किल्ली. डुक्कर कापलं की मांस तिथं, उन्हाळ्यातले वाटाणे आणि स्ट्रॉबेऱ्या तिथं. कप्प्यांच्या मागून आणि छताखालून उघड्या लोखंडी नळ्यांची वेटोळी गेलेली होती. पंखा नाही, घरघर नाही. आत गेलं की नुसती शांतता.

"या नळ्यांत अमोनिया उकळतोय," लाउरिड्स सांगायचा.

"उकळतोय? इथं माझी बोटं गळून पडायची वेळ आलीय."

"उकळायला उष्णता नको का, पोस्टमनबाई? ती तो तुझ्या डुकराकडून घेतो. तुझ्या बोटांकडूनही घेतो."

हे तो अगदी गंभीरपणे सांगायचा. त्याचं दुसरं भाषण एका शब्दाचं होतं: "दार!" कुणी आत पाऊल टाकलं की मागून ते यायचंच. दार उघडं राहिलं की बाहेरची ओली हवा आत शिरते, तिच्यातलं पाणी थेट नळ्यांवर जाऊन गोठतं, आणि हिमाची गोधडी पांघरलेल्या नळ्यांना मग मांसातली उष्णता ओढून घेता येत नाही. "हे हिम म्हणजे तुम्हीच आहात," तो बायकांना सुनवायचा. "तुमचे श्वास, तुमचे ओले कोट आणि दारात उभं राहून मारलेल्या तुमच्या गप्पा."

म्हणून मार्चमधला एक शनिवार हिम खरवडायचा. तोवर कप्प्यांतलं मांस बरंचसं संपलेलं असायचं आणि बाहेरही गारठा असायचाच. मशीन बंद करायचं, सगळ्या गावानं आपापला माल वर्तमानपत्रांत आणि रजयांत गुंडाळून अंगणात हातगाड्यांवर रचायचा, आणि लाउरिड्सनं आत शिरायचं. खरवडायचं त्याचं हत्यार बीच झाडाच्या लाकडाचं होतं, त्यानं स्वतः तासलेलं. लोखंड तो नळीला लावू द्यायचा नाही, कारण नळीला भोक पडलं असतं तर अमोनियाच्या वासानं गावाला पळता भुई थोडी झाली असती. मनगटाएवढं जाड हिम खाली पडायचं, पुरुष बादल्या भरभरून बाहेर फेकायचे. बायका डेअरीच्या ओट्यावर कॉफी आणि वेलचीचे पाव मांडायच्या. कुणाची सोयरीक जमली, कुणाची मोडली, सगळं तिथं कळायचं. मग लाउरिड्स पांढऱ्या भुवया घेऊन बाहेर यायचा, कुणीतरी त्याच्या हातात कप द्यायचं, आणि तो त्या गर्दीत हसत उभा राहायचा.

एवढा एक दिवस सोडला तर त्याला माणूस असं नव्हतंच. आई गेल्यापासून घरात एकटा. त्याच्या पेटीत मी विजेचं बिल आणि बियाण्यांची जाहिरात याशिवाय काही टाकलेलं आठवत नाही. नाताळातसुद्धा नाही. माणूस किती एकटा आहे, हे पोस्टाची पिशवी वाहणाऱ्याला फार लवकर कळतं.

पुढं घरोघरी फ्रीझर आले. आधी बेकरीवाल्याकडं, मग सगळ्यांकडंच. लोक किल्ल्या परत करायला यायचे, तेही बिचारे ओशाळून, हातात बिस्किटांचा डबा घेऊन. वर्षातून एकदा शहरातून येणारा मेकॅनिक म्हणाला, "काका, हे जुनं काढून टाका. आता पातळ पत्र्यांच्या ओळींतून नळी नेतात आणि मागं पंखा लावतात. हिम धरलं की आतली तार तापते, आपोआप वितळतं. वर्षभर कुणी हात लावायला नको."

"म्हणजे कुणी यायलाच नको," लाउरिड्स म्हणाला.

मेकॅनिकला तो विनोद वाटला. मला नाही वाटला.

मग एका मार्चमध्ये लाउरिड्सनं मला आत बोलावलं. नळ्यांवर पीठ भुरभुरावं एवढंच हिम होतं. त्यानं एका नळीवरून बोट फिरवलं. "खरवडायला काहीच नाही. कुणी येतच नाही, तर धरणार कुठून?" त्या वर्षी खरवडणं झालं नाही. तरी त्या शनिवारी मी टपाल वाटत चालले होते तेव्हा तो धुतलेला शर्ट घालून शीतघराच्या अंगणात उभा होता. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही.

फ्रीझर माझ्याही घरी आला होता, पण ते मी त्याला सांगितलं नव्हतं. निदान दोन घरांकडं किल्ल्या असतील तोवर शीतघर चालवायचं असा नियम होता. एक किल्ली चर्चची घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या आस्गरकडं होती, दुसरी माझ्याकडं. माझ्या कप्प्यात राय धान्याचा एक काळा पाव होता. बाकी काही नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी सायकलवरून येताना मला शीतघराचं दार सताड उघडं दिसलं. आत लाउरिड्स खोक्यावर बसला होता, टोपी कानांपर्यंत ओढून. समोर स्टोव्हवर मोठी किटली, झाकण काढलेलं, आणि वाफ सरळ नळ्यांकडं चाललेली. ज्यानं जन्मभर आमच्या पाठीवर "दार!" म्हणून आरडाओरडा केला, तो माणूस. मी सायकल वळवली आणि दुसऱ्या रस्त्यानं घरी गेले.

मार्चमध्ये हिम पुन्हा मनगटाएवढं झालं. आस्गरचे गुडघे धरले होते, तो आला नाही. मी सवयीनं दहा माणसांचे पाव घेऊन गेले होते. लाउरिड्स खरवडत होता, मी बादली धरली होती.

"एवढं हिम, लाउरिड्स? दोन माणसांचं?"

त्यानं मान वळवली नाही. "दार नीट लागत नाही हल्ली."

"मग दुरुस्त करू नकोस."

त्याचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू लागला.

त्याच वर्षी शरदात आस्गर वृद्धाश्रमात गेला आणि नियमाप्रमाणे शीतघर बंद झालं. मेकॅनिकनं अमोनिया काढून नेला. दार उघडं टाकून आम्ही दोघं खोक्यांवर बसलो. हिम आपलं आपण गळत होतं. लाउरिड्सनं माझ्या कप्प्यातला पाव आणून माझ्या मांडीवर ठेवला.

"कित्येक वर्षं हाच पाव," तो म्हणाला. "तुझ्याकडं फ्रीझर आहे, ते मला केव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू किल्ली परत केली असतीस."

त्यानंतर तो दिसेनासा झाला. मीही पेन्शनीत निघाले, त्यामुळं त्याच्या दाराशी जायला बिलाचंसुद्धा निमित्त उरलं नाही. आमच्याकडं कामाशिवाय कुणी कुणाचं दार वाजवत नाही, एवढी एक वाईट खोड आहे. संध्याकाळी खिडकीतून मला त्याचा दिवा दिसायचा. त्याला माझा दिसत असेल. तो हिवाळा मला जाता जाईना.

मार्चमधल्या शनिवारी दार वाजलं. धुतलेला शर्ट, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात हिम खरवडायचं ते लाकडी हत्यार.

"घरच्या फ्रीझरच्या नळ्या दिसत नाहीत," आधीचंच बोलणं चालू असल्यासारखा तो म्हणाला. "आतल्या पत्र्याच्या मागं दडवलेल्या असतात. पण हिम धरायचं ते धरतंच. म्हटलं, बघावं."

मी त्याला मागच्या खोलीत नेलं. चुलीवर कॉफी तयार होती आणि वेलचीचे पावही. त्यानं फ्रीझरचं झाकण उचललं. चारी बाजूंना चार बोटं हिम होतं.

त्यानं बोटं लावून थर मोजला. आठवड्यातून दोनदा फ्रीझर उघडणाऱ्या एकट्या बाईकडं हिम किती धरावं, हे त्याच्याइतकं पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हतं. आणि अख्खा फेब्रुवारी रोज संध्याकाळी झाडूचा दांडा लावून मी ते झाकण उघडं ठेवलं होतं, शेजारी स्टोव्हवर बटाटे उकडत.

"झाकण नीट लागत नाही वाटतं," तो म्हणाला.

"नाही लागत."

"मग राहू दे तसंच," म्हणत त्यानं बाह्या वर केल्या.