सातव्या ओळीतला बटाटा

एदुविना बारियाला कोणी काही सांगितलं, की तिचा पहिला शब्द ठरलेला: "कशावरून?" चिलीतल्या चिलोए बेटावर बटाट्याच्या जाती घरोघरी जपतात आणि त्यांची नावं घरागणिक बदलतात, त्यामुळे या बाईला प्रश्नांची कधी वाण पडली नाही.

आई गेल्यावर तिनं आईच्या वाफ्यांतल्या अकरा जाती मोबाइलच्या टिपणवहीत उतरवल्या. सातव्या ओळीतली काळपट, वाकडी जात तेवढी बिननावाची राहिली. बियाण्याच्या जत्रेत बिननावाचं बियाणं कोणी हातात धरत नाही. आईची ती जात आपल्या हातून बुडणार, या विचारानं एदुविनाला घास गोड लागेना.

म्हणून तिनं ते टिपण गावभर नि नात्यागोत्यात पाठवलं, ठाऊक असेल त्यानं त्यातच नाव लिहावं. माकडाच्या हाती कोलीतच ते! कोणी 'सासूचं नाक' लिहिलं, कोणी 'पाद्र्याचा अंगठा'. आणि लिहिणाऱ्याच्या जागी नुसतं 'पाहुणा' दिसणाऱ्या कुणीतरी तीनदा लिहिलं, 'एदुविना'. तिन्ही वेळा तिनं ते पुसलं. कोण हा टवाळ? दुकानदारापासून नावाड्यापर्यंत सगळ्यांना खोदून विचारलं. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. शेवटी वैतागून तिनं टिपण फक्त वाचण्यापुरतं ठेवलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी क्लोरिंदामावशी पलीकडच्या बेटावरून होडीनं आली.

"तुझं ते टिपण बिघडलंय गं. दाबून दाबून बोट झिजलं, अक्षर उमटेना."

"बिघडलं नाही मावशी, मीच बंद केलंय. आता नुसतं वाचायचं."

"मीसुद्धा?"

"सगळ्यांनीच. कोणीतरी तीनदा माझी टिंगल केली, माझंच नाव लिहून!"

"मीच ती."

'माते'चा कडू चहा पिता पिता एदुविनाला ठसका लागला. "तू? पण कशावरून?"

"अगं, ही जात कितीही उकळा, मऊ पडत नाही. तुझी आई चुलीपुढे बसून म्हणायची, 'ही आमची एदुविना!' तुझ्यासमोर कशी म्हणेल? घर डोक्यावर घेतलं असतंस."

एदुविनाला हसू आवरेना. मग तिनं विचारलंच, "इतकी हट्टी जात, तर दरवर्षी लावायची कशाला?"

"तिला दुसरी कुठली गोडच लागायची नाही."

डोळे पुसत एदुविनानं टिपण मावशीपुरतं लिहायला खुलं केलं आणि मोबाइल तिच्या हातात दिला.