आप्पाच्या गाडीची टाकी

घरातलं माणूस गेलं की लोक फोटो शोधायला लागतात. वैनी गेल्या तेव्हा आमच्याकडं फोटोबिटो काय नव्हते, किस्से होते. कधी साठले कळलंच नाही. आणि तेही सगळे एकाच गोष्टीचे, गाडीतल्या संडासाची टाकी कुठं ओतायची! कोल्हापूरच्या उद्यमनगरात संध्याकाळी शटर अर्धं ओढून चहाला बसलो की कोणतरी म्हणतंच, "पेंटर, तो ढाब्याचा सांग की." मी सांगतो. सगळे हसतात. मग जो तो आपल्या कपात बघत बसतो.

आधी ओळख करून देतो. आप्पा म्हणजे बॉडी बिल्डर. दंड-बैठका मारणारा नव्हे, ट्रकची बॉडी बांधणारा! रफिकभाई गाड्यांचं वायरिंग करतो. मी पेंटर, नंबरप्लेटपासून 'आईचा आशीर्वाद'पर्यंत सगळं लिहितो. आणि मालूवैनी म्हणजे आप्पाची बायको. पूर्वी वैनी घरी सापडणं म्हणजे नशीब! कुणाचं बारसं, कुणाचं डोहाळजेवण, कुणाच्यात पापड लाटायचे. दुसऱ्यांच्या सैपाकघरात बसून गप्पा हाणल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही.

मग आतड्याचं ऑपरेशन झालं. पोटाला पिशवी लागली, शौचाची. त्या दिवसापासून वैनींनी कुणाचा उंबरा ओलांडला नाही. शेजारीण हाताला धरून ओढायची, तरी नाही. "कुणाच्या घरात जाऊन वास सोडू? नको," एवढंच म्हणायच्या. डॉक्टरांनी आप्पाला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस धरू नका, हौसमौज असेल ती करून घ्या.

आप्पानं भंगारातली एक ट्रॅव्हलर उचलली. आत पलंग, शेगडी, बेसिन, मागं संडास आणि त्याच्या खाली टाकी. कॅराव्हॅन म्हणतात ना, तसलीच. मी मोरपंखी रंग मारला. आप्पा वैनींना म्हणाला, "मालू, आता कुणाच्या दारात जायला नको, काय विचारायला नको. तुझं घर तुझ्यासंगं!"

पहिल्यांदा गगनबावड्याला गेलतो. बाहेर धुकं, वैनी खिडकीत बसून चहा पितायत, आप्पा खूश. तिसऱ्या दिवशी रफिकभाई गाडीखालनं उठून आला. "आप्पा, टाकी भरली. आता हे कुठं ओतायचं?"

टाकीला वॉल्व्ह बसवला होता, वॉल्व्हला पाइप जोडला होता, पाइपला झाकण केलं होतं. पाइपाचं दुसरं टोक कुठं जाणार, हे तिघांपैकी एकाच्याही टाळक्यात आलं नव्हतं!

"ओढ्यात सोडू की," मी म्हणालो.

वैनी आतनं कडाडल्या, "खालच्या वाडीतल्या बाया त्यातच घागरी बुडवत्यात. जरा लाज वाटू दे, पेंटरभावजी!"

परदेशात म्हणे रस्त्याच्या कडेला असल्या टाक्या ओतायची सोय असते. आपल्यात कुठली? आपल्यात कुणाच्यातरी दारात जाऊन विचारायचं. म्हणजे ज्या कामासाठी कुणाच्या दारात जायला नको म्हणून गाडी बांधली, त्याच कामासाठी आम्ही दर तीन दिवसांनी नवीन दार वाजवायला लागलो.

* * *

ढाब्याचा किस्सा असा. मलकापूरच्या अलीकडं एका ढाब्यावर गाडी लावली. रफिकभाई स्वभावानं मवाळ. मालकाच्या कानाशी जाऊन हळूच म्हणाला, "टाकी रिकामी करायचीय ओ. जरा जागा मिळेल काय?"

मालकानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, डोळा मारला. "न्या की मागं. गपचूप."

आम्हाला वाटलं, देवमाणूस भेटला! मागं गेलो तर गडी दोन कॅन आणि रबरी नळी घेऊन उभा.

"किती लिटर हाय?"

"साठेक असंल."

आम्ही चोरून डिझेल विकणारे ड्रायव्हर आहोत, असं त्याला वाटलेलं! रफिकभाईला काय पत्ता? त्यानं वॉल्व्ह दाखवला. गडी उकिडवा बसला, नळीचं एक टोक तोंडाजवळ नेलं, आणि ओढायच्या आधी सहज विचारलं, "मिक्स न्हाय न्हवं?"

रफिकभाई खरं बोलणारा माणूस. "मिक्सच हाय की ओ! चौघांचं हाय!"

गाडीतनं वैनी हसायला लागल्या. पोट धरून, "आई आई गं" करत. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. आप्पा पलीकडच्या उसाकडं तोंड करून उभा राहिला. मी जवळ गेलो तर म्हणाला, "ऐकलास? हसली."

त्या गड्यानं शिव्या दिल्या, पण संडासाच्या चेंबरचं झाकणही उघडून दिलं. पाइप अर्थात माझ्याच हातात. आप्पा बॉडीवाला, रफिक वायरवाला, म्हणून पाइप पेंटरनं धरायचा, हा कुठला न्याय ते मला अजून कळलेलं नाही.

* * *

कबनूरला रफिकभाईची बहीण राहते. तिच्या गल्लीत दोन्ही अंगाला यंत्रमाग. खडखडाट असा की शेजारच्याचं ऐकू येत नाही. बहिणीच्या घरमालकाला आप्पा कानात सांगतोय, मालकाला ऐकू येईना. "काय टाकायचाय?" "मैला!" "काय?" "मैला ओ!"

आप्पानं छाती भरून घेतली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "मैला टाकायचाय!"

नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. सगळे माग एकदम बंद! अख्ख्या गल्लीनं ऐकलं. पोरंटोरं, म्हातारी-कोतारी, सगळी बाहेर. रफिकभाईची बहीण मात्र हसत हसत चहाचा ट्रे घेऊन गाडीपाशी आली. "वैनी, घरात या ना. निदान कडी तरी काढा."

वैनींनी आतनं कडी काढली नाही. "बरं वाटत न्हाय," म्हणाल्या. ती बिचारी पायरीवर कप ठेवून उभी राहिली. चहावर साय धरली तरी दार उघडलं नाही. शेवटी तो चहा मी प्यायलो. लाईट आल्यावर माग सुरू झाले, आणि त्या आवाजात वैनी आत रडत होत्या. ऐकू नाही आलं. खिडकीतनं दिसलं.

* * *

एका गावात म्हटलं, आता रीतसर जाऊ. ग्रामपंचायतीत गेलो. दारावर मोठा बोर्ड, 'हागणदारीमुक्त गाव'. आत पाच-सहा कारभारी मंडळी बसलेली. आप्पानं हात जोडून सगळं सांगितलं.

मंडळींनी बराच विचार केला. मग एक जाडजूड काका म्हणाले, "पावणं, तुमची अडचण कळली. पण आमचं गाव मुक्त हाय. आम्ही आमचंच बंद केलंय, तुमचं कसं घेऊ? उद्या कोण बघितलं तर बोर्ड काढून न्हेतील की ओ!"

आम्ही बाहेर येऊन हसलो. वैनी हसल्या नाहीत. त्यांना खिडकीतनं ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पानं पिठलं केलं, वैनींनी ताट सरकवलं. दुपारी नको. रात्री नको. पाणीसुद्धा घोटभर. आप्पा चिडला, "जेवत का न्हाईस?"

"टाकी लवकर भरती ओ," वैनी म्हणाल्या. "तुम्हाला माझ्यापायी दारोदार हात जोडायला लागत्यात."

आप्पानं ताट भिंतीवर हाणलं. गाडीला आतनं मी पांढरा रंग दिला होता, त्यावर पिठल्याचा डाग पडला. मग तोच खाली बसून पुसायला लागला. पुसता पुसता म्हणत होता, "शंभर दारात हात जोडीन. तू जेव. मालू, तू जेव की गं." मी आणि रफिकभाई खाली उतरून रस्त्याकडेला उभे राहिलो.

* * *

सीमेकडच्या एका गावात अज्जा भेटले. म्हातारे लिंगायत शेतकरी, बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. त्यांच्या दारात गोबरगॅस. संडासही त्यालाच जोडलेला. "घाला की ह्यातच," म्हणाले. मी पाइप सोडला. (मीच!)

वॉल्व्ह फिरवणार तेवढ्यात अज्जांनी वास घेतला. "ह्यात औषध घातलंय काय ओ?"

टाकीला वास येऊ नये म्हणून रफिकभाई निळं औषध घालायचा. "व्हय, थोडंसं."

"मग अवघड हाय. औषधानं माझा गॅस मरतोय."

गाडीच्या दारात वैनी बसल्या होत्या. त्यांना त्या निळ्या बाटलीचं काय माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "राहू द्या अज्जा. खरं हाय तुमचं. माझ्या अंगात लई औषधं हायत. सलाईनमधनं देत्यात. केस गेले माझे, तुमचा गॅस पण जाईल."

रफिकभाईनं तोंड उघडलं तर अज्जांनी हातानंच त्याला गप्प केलं. मग वैनींजवळ जाऊन म्हणाले, "अक्का, तुमच्या औषधानं काय हुतंय? घाला. गॅस बंद पडला तर आमच्यात चूल हाय."

आणि स्वतःच्या हातानं वॉल्व्ह फिरवला. गॅस बंद पडला का, हे विचारायला जायची आमची आजवर हिंमत झालेली नाही.

* * *

शेवटचा किस्सा हौसाक्कांचा. गगनबावड्याच्या रस्त्याला, रस्त्यापासून आत, एकटंच घर. पाऊस कोसळत होता. वैनी फार थकल्या होत्या. आप्पानं दारात उभं राहून नेहमीचं भाषण सुरू केलं, "ताई, रागावू नका, आमची एक अडचण..."

शेणानं भरलेले हात घेऊन हौसाक्का बाहेर आल्या, माझ्या हातातला पाइप बघितला. "टाकी मोकळी करायची व्हय? मग करा की! त्यात मोर्चा कशाला काढताय?" नवऱ्याला हाक मारली, त्यानं झाकण उचललं. "गाडीत कोण हाय?"

"मालकीण हाय. आजारी."

हौसाक्कांनी हात धुतले, सरळ गाडीचं मागचं दार उघडलं. "ताई, चला आत. तवा तापलाय."

"नको ओ," वैनी म्हणाल्या. "पोटाला पिशवी हाय माझ्या. वास येतोय."

"बाई, आमच्यात आठ म्हशी हायत! कुणाचा वास कुणाला येतोय?"

आणि हाताला धरून उतरवलंच. वैनी उंबऱ्यापाशी जरा थांबल्या. मग आत गेल्या.

आम्ही तिघं सोप्यात बसलो. आप्पा हलेना. आत डोकावलं तर वैनी उठून येतील, अशी त्याला भीती. आतनं भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि मधनंच वैनींचा, "अगं बाई! खरं की काय?" आमटी परत मागून घेतली त्यांनी. निघताना हौसाक्कांनी ओटी भरली. "टाकी भरली की हितंच आणायची. दुसरीकडं गेलात तर बघा!" कोल्हापूर येईपर्यंत वैनींनी ते तांदूळ-नारळ मांडीवरनं खाली ठेवले नाहीत.

त्यानंतर महिन्याभरात वैनी गेल्या.

आप्पा रडला नाही. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही. बाराव्याला पंक्तीत वाढत होता, "आणखी घ्या, लाजू नका." नातेवाईक कुजबुजायला लागले. आम्हाला काळजी. वर्कशॉपमध्ये दिवसभर पत्रा ठोकत बसायचा, चहाला बोलावलं तरी यायचा नाही.

एके दिवशी सकाळी बघतो तर आप्पा गाडी धुतोय. टाकीसुद्धा आतनं स्वच्छ करून ठेवलेली. "बसा," म्हणाला. कुठं ते आम्ही विचारलं नाही.

हौसाक्कांच्या दारात त्यानं हॉर्न वाजवला. आतनं आवाज आला, "ओ, झाकण काढा की! पावणं आल्यात!" नवरा धावत जाऊन झाकण उचलून उभा राहिला. हौसाक्का पदराला हात पुसत आल्या. आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही, थेट मागच्या दाराशी. "या की ताई," म्हणाल्या आणि दार उघडलं.

आत पलंग दुमडून ठेवलेला होता.

त्या दाराला हात लावून तशाच उभ्या राहिल्या. आप्पा खाली उतरला होता. कसा काय कोण जाणे, आज पाइप त्यानंच हातात घेतला होता.

"टाकी मोकळीच हाय ओ आज," तो म्हणाला.

हौसाक्कांनी त्याच्या हातातनं पाइप काढून घेतला आणि खाली ठेवला.

"मग पावणं, आता तुम्ही मोकळं व्हा की."

आणि आमच्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही दोघं जावा, जरा म्हशी बघून या."

मी आणि रफिकभाई गोठ्यात गेलो, आणि बराच वेळ म्हशी बघत उभे राहिलो.