केनवड ते बोधगया, ड्रायव्हर भिवाजी

भिवाजी खंडारे यांना थंडी वाजत नाही. केनवडात हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे, कारण दर हिवाळ्यात विहाराच्या ओट्यावर बसून, कानटोपी, मफलर आणि दोन स्वेटर घालून, भिवाजी स्वतःच ते सांगतात. एकतीस वर्षं एसटी चालवली माणसानं. रिसोड, मालेगाव, मेडशी, अकोला, आणि त्याच रस्त्यानं परत. एकतीस वर्षांत एक अपघात नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला ते लग्नाला लावतात, बारशाला लावतात, मयतीलाही लावून जातात. घरचे बिचारे रडत असतात आणि हे आपले छाती पुढं काढून उभे.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण ते अजून कुणालाच पटलेलं नाही, त्यांना तर मुळीच नाही. पहाटे चारला उठायचं, दाढी करायची, आणि मग दिवसभर कुठंच जायचं नाही, असा त्यांचा कडक दिनक्रम.

दिवाळीत त्यांचा मुलगा प्रसेनजित, रिसोडच्या शाळेत मास्तर आहे, त्यानं सात माणसांची जुनी डिझेल गाडी घेतली आणि जेवताना सांगून टाकलं, "माय, जानेवारीत बोधगया. गाडीनंच जाऊ."

अंजनाबाईंच्या हातातली भाकर तव्यावरच राहिली आणि करपली. करपणारच. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, आणि त्यांनी 'बोधगयेले जाऊ' म्हटलं रे म्हटलं की भिवाजींना ड्युटी लागायची. कधी जत्रा स्पेशल, कधी निवडणुकीच्या पेट्या, कधी साहेबांची अडचण. विहारातल्या बायका दोनदा रेल्वेनं जाऊन आल्या. त्यांनी अंजनाबाईंना किती आग्रह केला! पण बाई एकच घोकत बसल्या, "मी यायच्यासंगच जाईन." यायच्या म्हणजे यांच्या, नवऱ्याच्या. असा नवरा असूनही.

तर हा नवरा त्या दिवशी घास गिळून काय म्हणाला?

"गाडी मी चालवन. नाई तं मी येत नाई."

झालं. ते येणार नाहीत म्हणजे अंजनाबाई येणार नाहीत, अंजनाबाई येणार नाहीत म्हणजे बोधगया गेलीच. प्रसेनजितनं मान डोलावली. स्वतःच्या ड्रायव्हिंगचा त्यालाही भरवसा नव्हता. तो क्लच सोडायचा तेव्हा गाडी बेडकासारखी उडी मारायची. धम्मदीपा, त्याची धाकटी बहीण, अकोल्याला दवाखान्यात नर्स. ती गाडी छान चालवते. पण पोरीच्या हातात चाक द्यायचं, हे भिवाजींच्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं.

आता एक गोष्ट होती. ती फक्त भिवाजींना माहीत होती, निदान त्यांची तशी समजूत होती. दिवाळीच्या जरा आधी रिसोडला डोळ्यांचं शिबिर झालं. तिथल्या डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, की बाबा, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे, डावा त्याच वाटेवर आहे, ऑपरेशन होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. भिवाजी घरी आले आणि म्हणाले, "डॉक्टर म्हने, नजर घारीची हाय." ऑपरेशन बोधगयेहून आल्यावर करायचं, हा त्यांचा बेत. एकतीस वर्षं आपण रस्ता पाहिला, आता चार दिवस रस्त्यानं आपल्याकडं पाहावं, असा काहीसा हिशोब असावा. हजार-बाराशे किलोमीटर, जानेवारीतलं उत्तरेचं धुकं, आणि डोळ्यांत आधीच उतरलेलं घरचं धुकं! वा रे ड्रायव्हर.

तयारीला डिसेंबरातच सुरुवात झाली. सगळ्यात आधी भिवाजींनी वेळापत्रक काढलं. केनवड सुटणार सहा शून्य शून्य. मालेगावला चहा, दहा मिनिटं. लघवीचे थांबे ठरावीक, त्याच्या अधेमधे कुणी मागायचं नाही.

"अन् अधेमधे लागली तं?" अंजनाबाईंनी विचारलं.

"शिस्त नावाची काई गोष्ट राह्यते का नाई?"

प्रसेनजित म्हणाला, "बाबा, समृद्धीनं सरळ नागपूर गाठू."

"तिथं टपरी नाई, वळन नाई. मानूस झोपून जाते बाप्पा. जुन्या रस्त्यानंच जाऊ." जुन्या रस्त्याचा एकेक खड्डा त्यांना पाठ होता, हे खरं कारण. पाठ असलेल्या रस्त्याला डोळे लागत नाहीत. नागपूरच्या पुढच्या रस्त्याचं काय करायचं, ते वेळापत्रकात नव्हतं.

इकडं अंजनाबाईंची तयारी म्हणजे जणू घर हलवायचं होतं. चार वाकळा, दोन घोंगड्या, तिळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, दशम्या, लिंबाचं लोणचं, खोबरेल, बाम, आणि विहारात नेसायची पांढरी साडी, तीही इस्त्री करून कागदात. शेजारची धनीबाई दोनदा जाऊन आलेली म्हणून रोज सल्ला द्यायला यायची आणि जाताना चटणीची चव बघून जायची. "तिकडं लय थंडी राह्यते वं अंजना. सकाळी हात दिसत नाई आपला."

"आमच्या यायले इथंच दिसत नाई," असं काही अंजनाबाई बोलल्या नाहीत. त्या नुसत्या हसल्या आणि बरणीचं झाकण घट्ट लावलं.

प्रसेनजित मोबाइलवर रोज हवामान वाचून दाखवायचा. तिकडं धुकं, रेल्वे उशिरा, रस्त्यावर दहा हात पुढचं दिसत नाही.

"धुकं!" भिवाजी तुच्छतेनं म्हणायचे. "मेडशीच्या घाटात म्या धुकं खाल्लं हाय. आमाले नको सांगू."

निघायच्या आधीच्या रविवारी भिवाजींनी चाचणी फेरी जाहीर केली. केनवड ते रिसोड आणि परत, सगळ्यांनी बसायचं, गैरहजर चालणार नाही. धम्मदीपा रजा टाकून आलीच होती. पहाटेच उठून ड्रायव्हरसाहेबांनी गाडीची थंडीची व्यवस्था केली. ही खास एसटीची विद्या. जुन्या मुक्कामी गाड्या हिवाळ्यात सकाळी लवकर गरम व्हायच्या नाहीत, म्हणून ड्रायव्हर लोक रेडिएटरच्या जाळीपुढं पुठ्ठा लावायचे. वारा आत शिरत नाही, इंजिन ऊब धरतं. भिवाजींनी टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा आणला, तो जाळीपुढं बसवला, त्यावर पोतं टाकलं, आणि सुतळीनं असं काही करकचून बांधलं की माशी आत जाणार नाही. कुणाला सांगितलं नाही. हे काय सांगायचं असतं?

गाडी निघाली. भिवाजी ताठ बसले, दोन्ही हात चाकावर, जसे काही मागं साठ पासिंजर आहेत. शेजारी अंजनाबाई. आणि बाईंचं तोंड सुरू झालं ते थांबेचना.

"समोर बैलबंडी हाय, बरं. पाय ना, कडबा किती भरला."

"मले दिसते."

"हे पाय, गतिरोधक आला. रंग उडाला बाई त्याचा."

"म्या बांधला काय तो? दिसते मले!"

"पोरगी चालली सायकलवर, डाव्या अंगानं. शाळेचा डरेस घालून. रविवारी कायची शाळा?"

"अवं, तू गप बसशील का? कंडक्टरबी एवढा बोलत नव्हता!"

पण ब्रेक मात्र ते दर वेळी मारत होते. मागं बसलेल्या प्रसेनजितला आईची ही बडबड ऐकून हसू येत होतं. धम्मदीपाला येत नव्हतं. ती दोघांच्या डोक्यांच्या मधून रस्त्याकडं बघत होती.

रिसोड चार-पाच किलोमीटर राहिलं आणि गाडीच्या नाकातून वाफ निघाली. आधी थोडी, मग भकाभक. भिवाजींनी गाडी कडेला घेतली, उतरले, बॉनेटभोवती एक चक्कर मारली आणि निदान करून टाकलं. "आजकालच्या गाड्या म्हंजे पत्र्याचे डबे. कंपन्या लुटून राह्यल्या लोकायले."

धम्मदीपानं वाकून पाहिलं. मग तिनं सुतळी ओढली. मग पोतं. मग टीव्हीचा पुठ्ठा, ज्यावर एक गोरीपान बाई अजून हसतच होती.

"बाबा. हे काय हाय?"

"थंडीसाठी."

"कोनाच्या थंडीसाठी? गाडीचा जीव कोंडला ना!"

प्रसेनजित रस्त्याच्या कडेला पोट धरून बसला. येणाऱ्याजाणाऱ्या मोटरसायकली थांबून चौकशी करू लागल्या, आणि प्रत्येकाला भिवाजी गंभीरपणे सांगत होते, की सेन्सरचा प्रॉब्लेम आहे. तासाभरानं इंजिन निवलं, पाणी भरलं, गाडी सुरू झाली. नशीब चांगलं म्हणून एवढ्यावर भागलं. परतीला भिवाजींनी 'दिसते मले' म्हणणंही सोडून दिलं. अंजनाबाई मात्र पुन्हा सुरू, समोर ट्रॅक्टर, उजवीकडं बकऱ्या, पुलावर मानूस.

निघायचा बुधवार उजाडला. उजाडला म्हणायचं एवढंच, केनवडात असं धुकं पडलं होतं की विहाराचा झेंडा कुठं आहे ते अंदाजानं ओळखावं लागत होतं. वाकळा चढल्या, बरण्या चढल्या. धनीबाई निरोप द्यायला आली आणि जाता जाता लोणचं पुरेल का म्हणून काळजी करून गेली. भिवाजी पावणेसहालाच स्टिअरिंगवर जाऊन बसले होते, बिल्ला लावून. धम्मदीपानं मागच्या सीटवर वाकळ अंथरली, उशी ठेवली आणि म्हणाली, "माय, तू इथं बस. पाय लांब कर. पुढं तुझे गुडघे धरतीन."

"मी पुढंच बसन."

"अवं, बारा-बारा घंटे बसाचं हाय. पुढं प्रसेनदादा बसते."

"नाई म्हनलं ना! मी पुढंच!"

"पन काहून?"

इतके दिवस अंजनाबाईंनी तोंड सांभाळलं होतं, पण थंडी, घाई, आणि पस्तीस वर्षांनंतर अंगणात उभी राहिलेली बोधगयेची गाडी. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या.

"मंग यायले रस्ता कोन सांगन? यायले दिसते कुठं?"

धम्मदीपानं वाकून बाबांच्या डोळ्यांकडं पाहिलं.

"कोन म्हन्ते दिसत नाई?" भिवाजी गरजले. "कोन म्हन्ते?"

"मी म्हन्ते. दिवाईपासून पाहून राह्यली ना. चहाचा कप सापडत नाई तुमाले. पायरीवर दोनदा अडखळले. तुमी सांगतलं नाई, म्या इचारलं नाई. इचारलं असतं तं तुमी आलेच नसते." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "म्या ठरवलं, मी पुढं बसन अन् सारा रस्ता सांगत जाईन. डोळा लागू देनार नाई. जाताबी, येताबी. कायले घाबरता? मी हाय ना."

भिवाजींनी आणखी ओरडायला तोंड उघडलं. रविवारची ती शाळेतली पोरगी त्यांना आठवली, सायकलवाली. आठवली म्हणजे काय, आठवायला ती दिसायला हवी होती. डरेस दिसला नव्हता. सायकल दिसली नव्हती. बंडी नाही, गतिरोधक नाही, पुलावरचा माणूसही नाही. त्यांनी ब्रेक मारला होता तो अंजनाच्या तोंडाकडं कान देऊन. आणि तिलाच म्हणाले होते, गप बस. ती खरंच गप बसली असती तर? त्यांनी मफलर गळ्याभोवती आणखी घट्ट ओढला, आणि या माणसाला थंडी तर वाजत नाही.

भिवाजींनी चाक सोडलं. मग दार उघडून उतरले.

प्रसेनजितला वाटलं, झालं, आता घरात जाऊन कडी लावतात. अंजनाबाईंनाही तेच वाटलं. त्या डिकीतली इस्त्रीची साडी काढायला वळल्यासुद्धा.

"दीपा," भिवाजी म्हणाले. आवाज एकदम बारीक. "तुले धुक्यात चालवता येते?"

"येते, बाबा."

"मंग बस." आणि अंजनाबाईंकडं न बघता, "तू कुठं चालली वं? मागं बस. मीबी मागंच बसतो."

आणि तो एकतीस वर्षांचा ड्रायव्हर मागच्या सीटवर, वाकळांच्या ढिगात, गुडघ्यांवर हात ठेवून बसला. अंग चोरून, विनातिकीट बसल्यासारखा. शेजारी अंजनाबाई. लग्नापासून ही बाई त्यांच्या एसटीत बसली ती कायम मागं, ड्रायव्हरच्या जाळीपलीकडं, इतर पासिंजरांसारखी. एका बाकावर दोघं बसण्याचा प्रसंग आलाच नव्हता. दोघंही आपापल्या खिडकीबाहेर धुकं बघत बसले.

गाडी हळूच निघाली. धम्मदीपानं दिवे लावले, गावाबाहेरच्या वळणावर हॉर्न दिला. भिवाजींनी सवयीनं पाय फरशीवर दाबला, पण काही सूचना केली नाही. हे एक आश्चर्यच म्हणायचं.

पाच-सात मिनिटं झाली नसतील, त्यांच्या खांद्यावर काहीतरी जड पडलं. अंजनाबाईंचं डोकं. तोंड उघडं, पदर घसरलेला, बाई गाढ झोपली होती. दिवाळीपासून झोपलीच नसावी अशी. मालेगाव आलं, चहाची वेळ झाली, प्रसेनजित पुढून म्हणाला, "बाबा, तुमच्या वेळापत्रकात इथं दहा मिनटं हायत."

"थांबू नको," भिवाजी पुटपुटले. खांदा त्यांनी जराही हलवला नव्हता. "अन् दीपा, खड्डे पाहून घे वं. तुई माय झोपली."