रिकामा पाह्यला का?

सरांच्या घरून काकूंचा फोन आला तेव्हा मी झरी जामणीच्या पलीकडं, जंगलातल्या एका नाल्यावर, आमच्या पुलाच्या गर्डरपाशी उभी होते. काँक्रीट पक्कं होत आलं होतं, पुढल्या आठवड्यात केबल ओढायच्या होत्या. काकू एवढंच म्हणाल्या, "पोरी, सर गेले. येऊन जाय." यवतमाळपर्यंत गाडीत मी रडले नाही, कारण मी चिडलेली होते. तेरवी होऊन महिना झाला, तरी तो राग पुरता उतरलेला नाही. आधीच सांगून टाकलेलं बरं.

राऊत सर पुलांचे डिझायनर. निवृत्तीनंतर घरच्याच टेबलावर शिकवायचे, कधी बांधकामावरही सोबत यायचे. मी दारव्ह्याची, इंजिनियर झालेली, पण प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा पेपर नुसता घोकून काढलेला. पहिल्याच दिवशी सरांनी काकूंच्या कपडे धुवायच्या साबणाच्या वड्या मागवल्या, ओळीनं लावल्या आणि दोन्ही तळव्यांत दाबून ती ओळ अलगद हवेत उचलली. "सिमेंट नाही, सळी नाही. कशानं धरलं?" मी म्हटलं, दाबानं. "हाव. साध्या तुळईतली सळी ओझं आल्यावर जागी होते. आपण केबल आधीच ओढून ठेवतो. आता पाह्य." त्यांनी हात जरा खाली सरकवून जोर लावला. ओळ मधोमध वर उचलली गेली, वरच्या अंगानं फटी पडल्या आणि वड्या फरशीवर. काकू आतून ओरडल्या, "अहो, साबण हाय का खेळणं?" सर खाली वाकून वड्या गोळा करत म्हणाले, "ओझ्यानं मोडलं का हे? ओझं नोयतं म्हणून मोडलं."

आमच्या धंद्यातला प्रत्येक नवखा इथंच फसतो. पुलावरून वणीचे कोळशाचे ट्रक जातील, तो भार घेऊन सगळं गणित करतो. पण केबल ओढल्या त्या दिवशी गर्डरवर काहीच नसतं, नुसता त्याचा स्वतःचा भार, आणि खालच्या अंगाला ओढलेल्या केबलची ती ताकद... तेव्हाच तो वरून तडकू शकतो. मी कागद पुढं केला की सर बाकी काही न बघता विचारायचे, "रिकामा पाह्यला का?" पुढंपुढं मी दारातूनच ओरडायचे, "पाह्यला, सर!" आणि काकू हसायच्या.

झरीचा पूल मी एकटीनं केलेला पहिला. शेवटची भेट त्यासाठीच झाली. सर खाटेवर होते, छातीचं दुखणं वाढलेलं. मी ड्रॉइंग उलगडलं, तर त्यांनी हातानं मागं सारलं. "मले नको दाखवू. मी गेल्यावर कोणाले दाखवशीन?" मी म्हटलं, असं कायले बोलता, एक नजर टाका फक्त. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. पलीकडच्या गावांचा पावसाळ्यात रस्ता तुटतो, माणसं अडकतात, आणि हा माणूस हट्ट करून बसलेला! मी चहा न घेता निघाले.

सर गेले आणि मग सुरू झालं ते. हिशेब पुन्हा तपासायला बसले की पाठीमागून आवाज यायचा, रिकामा पाह्यला का? भांडी घासताना, गाडी चालवताना... मी वळून बघायचे. खरं सांगते, भीती वाटायची. एकदा भर दुपारी ऑफिसात मी मोठ्यानं "पाह्यला ना, बाप्पा!" म्हणाले आणि सगळे माझ्याकडं बघत राहिले.

केबल ओढायच्या दिवशी सकाळी जॅक लावला. त्याच्या मागं कोणी उभं राहत नाही; केबल सुटली तर माणूस वाचत नाही. ऑपरेटरनं विचारलं, "मॅडम, ओढायचं का?" सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. "ओढा," म्हटलं. जॅकवरचा दाबाचा काटा चढत गेला. मी गर्डरच्या माथ्यावरून नजर हलवली नाही. मधोमध तो साच्याच्या खालच्या पत्र्यापासून हळूच वर सुटला, हिशेबात होता तेवढाच. माथ्यावर कुठंच तडा नव्हता.

जंगलातून मोळी घेऊन आलेली एक म्हातारी थांबून बघत होती. "बाई, पडन त नाही ना हा?" आजवर बांधकामावर असं कोणी विचारलं की माझ्या डावीकडं उभे असलेले सरच उत्तर द्यायचे. मी डावीकडं वळले, तिथं कोणी नव्हतं. "नाही पडत, माय," मी म्हटलं, "म्या केला हाय." ती मान हलवून मोळी सावरत नाल्यात उतरली.

त्या दिवसापासून तो आवाज बंद झाला. आता टेबलावर दुसऱ्या पुलाचा गर्डर आहे. ट्रकचा भार धरून झाला, रिकाम्याचं गणित मी मुद्दाम सोडून ठेवलंय, आणि पाठ दाराकडं करून बसते... विचारा ना, सर.